आईच्या बाजूचं दार

गाडीचं दार लावायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, ते आमच्या गाडीत कधी बसलेले नाहीत. आमच्या गाडीला चार दारं आणि चारांचे चार स्वभाव. चालकाचं दार लावताना जरा वर उचलून, कंबरेचा धक्का द्यायचा. नाहीतर ते नुसतं टेकतं आणि पहिल्याच वळणावर उघडतं. त्याच्या मागचं दार बायकोचं. ते गुडघ्याने लागतं. गुडघा कुठे मारायचा ती जागा ठरलेली आहे, तिथला रंगसुद्धा गेलाय. डावीकडचं मागचं आमच्या मुलीचं. ते बाहेरून उघडत नाही, म्हणून खिडकीतून हात आत घालून उघडायचं. त्या खिडकीची काच पूर्ण वर जात नाही, ही देवाचीच कृपा असं आम्ही मानत आलो. राहिलं डावीकडचं पुढचं. ते आईचं. ते आतून उघडत नाही.

गाडी बाबांची. बाबा होते तोपर्यंत आईच्या दाराचं कुणाला काही वाटलं नाही. गाडी थांबली की बाबा उतरायचे, बॉनेटला वळसा घालून पलीकडे जायचे आणि दार उघडून धरायचे. आई पर्स सावरत उतरायची. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, काय सुसंस्कृत गृहस्थ आहे! आम्हाला माहीत होतं की आतलं हँडल बिघडलंय. बाबा गेले आणि आईने पुढे बसणं सोडलं. "ते दार आतून उघडत नाही रे, मी आपली मागे बसते," असं म्हणून ती बायको आणि मुलीच्या मधे अंग चोरून बसायला लागली. पुढच्या सीटवर भाजीची पिशवी बसायची.

हे असंच चाललं असतं. पण जुन्या गाड्या परिवहन कार्यालयात नेऊन दाखवाव्या लागतात, आणि तिथे आमची गाठ एका तपासनीस साहेबांशी पडली. साहेब कमी बोलणारे होते. त्यांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला आणि शेवटी नेमके आईच्या जागेवर जाऊन बसले. दार लावून घेतलं. मग बराच वेळ आतून खुडबुड ऐकू आली. मी सवयीने बॉनेटला वळसा घालून गेलो, बाहेरून दार उघडलं आणि धरून उभा राहिलो.

"हे असं दर वेळी करता?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. आमच्याकडे पद्धतच आहे."

साहेबांनी ती पद्धत लिहून घेतली नाही, पण बाकी सगळं लिहून घेतलं. चारही दारं आतून आणि बाहेरून, हात न घालता आणि लाथ न मारता उघडली-लागली पाहिजेत. आणखी एक संधी मिळेल. तीत नापास झाली तर नोंदणी रद्द, आणि गाडी भंगारात.

खिडकीवरच्या कारकुनाने पुढची तारीख देण्याआधी जुना कागद उलटसुलट करून पाहिला. "यात दोन दारांची गाडी लिहिलीय," तो म्हणाला. "जास्तीची दोन कुठून आणलीत?"

मी म्हटलं, "ती जन्मापासून आहेत."

"कागदावर नाहीत."

"मग दोनच तपासा."

"तपासायची चारही. आहेत म्हटल्यावर तपासायला नकोत?" यावर घरी येऊन जिना चढताना तीन चांगली उत्तरं सुचली, पण तोवर काय उपयोग!

संध्याकाळी मेहुणा आला. आमच्या घरात काही बिघडलं की मेहुण्याला कसं कळतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. त्याच्या ओळखीचा एक भंगारवाला होता. मेहुण्याच्या ओळखीचा प्रत्येक धंद्यात एक असतो. "भावोजी, द्या काढून," तो म्हणाला. "घरी येऊन उचलून नेईल. तुम्हाला बोटसुद्धा लावायला नको."

"दादा म्हणतोय ते काही चूक नाही," बायको म्हणाली. "गुडघा बघा माझा, कायमचा निळा झालाय."

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "घाला भंगारात," ती म्हणाली. "गाडीच ती. माणसं जातात, गाडीचं काय घेऊन बसलात." आणि मग जरा थांबून, "पण त्याआधी मला एकदा पुढे बसव."

एकदा कशाला? रोज बसेल, म्हटलं, पुढे बसेल आणि स्वतःच्या हाताने दार उघडून उतरेल. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की चारही दारं दुरुस्त होणार. मेहुणा नुसता हसला. त्या हसण्याने माझा निश्चय जितका पक्का झाला तितका कुठल्याही उपदेशाने झाला नसता.

पहिला प्रयत्न रीतसर केला, म्हणजे गाडी पोचे काढणाऱ्या डेंटरकडे नेली. डेंटरचा हातोड्यावर फार विश्वास. मी बायकोचं दार दाखवून म्हटलं, हे लागत नाही. त्याने माझं बोलणं पुरं व्हायच्या आत दाराच्या कडेवर असे काही घाव घातले की दार लागलं. ते इतकं लागलं की पुन्हा उघडेना.

"लागलं की नाही?" तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला.

"लागलं. पण उघडायचं कसं?"

"ते तुम्ही आधी बोलला नाहीत." मग उघडण्यासाठी त्याने पहार मागवली. मी गाडीत बसलो आणि पहार पोचायच्या आत घर गाठलं. त्या दिवशी ठरलं की हे काम आपणच करायचं. मी कचेरीत पंखे, खुर्च्या आणि कपाटं यांची देखभाल बघतो. म्हणजे बिघडलं की अर्ज पाठवतो. तेव्हा यंत्राशी माझा अगदीच संबंध नाही असं नव्हतं.

रविवारी सकाळी जुने कपडे घालून मी इमारतीखाली गाडीशी उभा राहिलो. गाडीचं दार उघडून त्याच्याकडे बघत उभं राहणं ही सल्लागारांना बोलावण्याची सगळ्यात सोपी रीत आहे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडसर दूध आणायला निघाले होते, ते दूध विसरले. "आधी मागची दारं बसवायची," ते बोट वर करून म्हणाले. "मागचं दार गाडीच्या अंगाला जुळवायचं, पुढचं दार मागच्याला जुळवायचं. क्रम चुकला की सगळं चुकलं." समोरच्या काकू म्हणाल्या, कशाला सोडता ती दारं, बिजागऱ्यांना साबण चोळा, आमच्या कपाटाला तेच केलं. हेडसर म्हणाले, कपाट आणि गाडी यात फरक असतो. काकू म्हणाल्या, तुम्ही आमचं कपाट पाहिलेलं नाही. दोघांचं जुंपलेलं पाहून मी हळूच पुढच्या दारापासून सुरुवात केली. हेडसरांचं ऐकायचं नाही हे मी शाळेत असल्यापासून ठरवलेलं आहे. ते कुठल्या शाळेचे हेडसर होते हा प्रश्न गौण आहे.

बिजागऱ्यांचे बोल्ट सोडताना दाराला खालून आधार द्यायचा असतो. मी स्टूल दिलं. शेवटचा बोल्ट सुटला आणि स्टूलही सुटलं, आणि दार माझ्या मांडीवर येऊन बसलं. जुन्या काळचा पत्रा किती जाड होता हे ऐकून माहीत होतं, ते अनुभवाला आलं. मुलगी म्हणाली, "बाबा, हलू नका हं." मला वाटलं मदतीला येतेय. ती फोटो काढत होती.

डेंटरने रुतवलेलं दारही आतून लाथ घालून सोडवलं, आणि चारही दारं वर नेऊन जिन्याजवळ, आमच्या घराच्या दाराशेजारी ओळीने उभी केली. त्यामुळे भलतेच घोटाळे झाले. कुरियरवाला आला आणि गाडीच्या दाराचं हँडल धरून ओढत बसला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'सामायिक जागेत चार अनधिकृत दरवाजे उभे केल्याबद्दल' नोटीस काढली. परिवहन कार्यालयाच्या हिशेबाने दोनच अनधिकृत होते, सोसायटीने चार केले.

खरं काम सुरू झालं ते लॅचचं. दार पकडून ठेवणारा तो लोखंडी आकडा म्हणजे लॅच. बाहेरून तो एवढासा दिसतो. उघडला की आत स्प्रिंगा, तारा, पट्ट्या आणि कित्येक वर्षांचं वाळलेलं ग्रीस. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी एकेक लॅच उघडत गेलो आणि घर रॉकेलच्या वासाने भरून गेलं. बायको चहाचा कप ठेवायला जागा शोधत घरभर हिंडली. एक स्प्रिंग उडाली ती दिसेनाशीच झाली. सगळं घर रांगत होतं. शेवटी ती आईला स्वतःच्या चष्म्याच्या घरात सापडली.

आई तशी टेबलापाशी कधी यायची नाही, पण तिच्या दाराचं लॅच उघडलं तेव्हा खुर्ची ओढून बसली. "हे माझ्या दाराचं का?" तिने विचारलं. म्हटलं, हो, आणि बघ आता नेमकं काय मोडलंय ते सापडतं का. मी सगळं सोडवलं, पुसलं, भिंगाखाली धरून पाहिलं. गंमत म्हणजे त्यात मोडलेलं काहीच नव्हतं. स्प्रिंग शाबूत, तार शाबूत, सगळं जागच्या जागी.

"आई, हे तर चांगलं आहे!"

"असं?" आई म्हणाली आणि उठून आत गेली.

दारं पुन्हा बसवली. पुढची आधी बसवल्यामुळे मागची बसेनात. म्हणून पुढची काढली, मागची बसवली, आणि मग पुढची. हेडसर गॅलरीतून हे सगळं बघत होते. ते काही बोलले नाहीत, आणि हा अपमान बोलण्यापेक्षा जास्त लागला. मग डाव्याचं लॅच उजवीकडे गेलं ते कळलं, म्हणून पुन्हा सगळं सोडलं. पण मी हटलो नाही. कचेरीतून आलो की जुने कपडे चढवायचे आणि खाली जायचं. मेहुणा अधूनमधून येऊन भंगारवाल्याचा निरोप सांगून जायचा, की तो विचारत होता.

एके दिवशी वाटलं, दारं नीट जुळली का ते आत बसून पाहावं. दाराच्या कडेला कुठल्या फटीतून उजेड आला की दोष समजतो. मी आत बसलो आणि चारही दारं एकामागून एक लावून घेतली. काय सुरेख आवाज आला! कुठे उजेडाची रेघ नाही. समाधानाने मी हँडलकडे हात नेला, तर हँडल नव्हतं. दारांची आतली अस्तरं काढलेली होती, आणि आतली हँडलं, काच खालीवर करायच्या मुठी, सगळं बाहेर वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवलेलं होतं. बाहेरची हँडलं चमकवायला दिलेली. गाडी इतकी छान बंद झाली होती की मला हाका मारूनही कुणाला ऐकू जाईना.

काही वेळाने काकूंना मी दिसलो. मग सगळ्यांनाच दिसलो. गाडीभोवती ही गर्दी. प्रत्येकजण काचेला तोंड लावून काही सांगत होता आणि मला फक्त ओठ दिसत होते. हेडसर हातवारे करून बहुधा क्रम समजावत होते. काकूंनी साबणाची वडी दाखवली. सेक्रेटरींनी संधी साधून नोटीस काचेवर दाबून धरली आणि सहीची खूण केली. शेवटी मी दाराच्या पत्र्यातल्या भोकातून हात आत घातला, चाचपडत लॅचची तार शोधली आणि ओढली. दार उघडलं आणि मी त्याच्याबरोबर सेक्रेटरींच्या पायाशी येऊन पडलो. त्यांनी पेन पुढे केलं. मी पडल्या पडल्या सही केली.

राहता राहिलं दाराभोवतीचं रबर. जुनं कुजलं होतं. आईच्या दाराचं तेवढं बाबांनी कधीतरी स्वतः बदललेलं, त्याचा एक तुकडा डिकीत होता. तो नमुना म्हणून दुकानात दाखवून मी चारही दारांना तसलंच नवं रबर आणलं. ते जाड निघालं. दारं लावायला दोन माणसं लागू लागली. दुकानदार म्हणाला, बसेल हळूहळू. आणि खरंच, तीन दारं हळूहळू बसली. आईचं जरा घट्ट राहिलं, पण हँडल ओढलं की उघडत होतं. मी दहादा उघडून पाहिलं. म्हटलं, जिंकली लढाई!

पण गाडी सुधारली तरी माणसं कुठे सुधारली होती? तपासणीच्या आधी मी घरच्यांना सराव द्यायला खाली नेलं. बायकोला म्हटलं, नुसतं हाताने लोट. तिने मान डोलावली आणि गुडघा मारला. नव्याने रंगवलेल्या पत्र्याला पोचा आला. मुलीने सवयीने खिडकीतून हात घातला. काच आता पूर्ण वर जात होती, हात तिच्यावर आपटला. "बाबा, आधीचंच बरं होतं," ती बोटं चोळत म्हणाली. मी सर्वांना दारांना हात लावायची बंदी केली. आम्ही इतकी वर्षं दारांचे लाड केले होते, की दारं सुधारल्याचं कुणाच्या हातापायांना पटत नव्हतं.

तपासणीच्या दिवशी आई म्हणाली, मीही येते. मी पुढचं दार उघडलं, तर ती मागे जाऊन बसली. "आधी पास होऊ दे. मग बसेन पुढे. नापास झाली तर तशीच एकदा बसेन आणि पुरे." बायको आणि मुलगी तिच्या दोन बाजूंना. भाजी आणायची नव्हती, तरी पुढच्या सीटवर पिशवी होतीच.

कार्यालयाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बाक होतं. आई तिथे जाऊन बसली. तेच साहेब आले. त्यांनी चालकाचं दार उघडलं, लावलं. आत बसून उघडलं, लावलं. बायकोचं दार, तसंच. मुलीचं दार, तसंच. प्रत्येक वेळी तो सुरेख आवाज. साहेबांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं असं मला वाटलं. मग ते आईच्या जागेवर बसले आणि म्हणाले, "लावा."

दुसऱ्यांना बंदी करणं सोपं असतं. माझ्या हातांनी ते दार सवयीप्रमाणे जरा वर उचललं आणि कंबरेने आपोआप धक्का दिला. धप्प आवाज करून दार त्या जाड रबरात घट्ट रुतून बसलं. साहेबांनी हँडल ओढलं. काही झालं नाही. पुन्हा ओढलं. मी बॉनेटला वळसा घालायला निघालो, कारण पाय काही माझं ऐकत नाहीत. मी कुठे उभा आहे हेही ते पाहत नाहीत. साहेबांनी काच जराशी खाली केली आणि आतूनच पंजा दाखवला. "तिथेच थांबा. बाहेरून उघडायचं नाही."

तेव्हा मला भंगारवाला दिसायला लागला. सगळा आटापिटा, मांडीवर बसलेलं दार, सेक्रेटरींच्या पायाशी केलेली सही, सगळं फुकट. आईने एकदा पुढे बसायचं आणि पुरे. मला रडू यायचंच बाकी होतं.

आई बाकावरून उठली. पर्स सावरत आली आणि काचेच्या फटीशी वाकली. "साहेब," ती म्हणाली, "नुसतं हँडल ओढू नका. आधी दार आत ओढून घ्या, स्वतःकडे. हां, घट्ट. आता हँडल."

खट्. दार उघडलं.

साहेब उतरले. पुन्हा बसले, स्वतःच दार लावलं, आत घेतलं, हँडल ओढलं. उघडलं. तीनदा त्यांनी हे केलं. मला तर वाटलं त्यांना ते आवडलं. "रबर नवीन आहे, दाबून धरतं," ते म्हणाले. "उघडतं मात्र." आणि त्यांनी शिक्का मारला. खिडकीवरच्या कारकुनाने दारांचा विषय पुन्हा काढला, तेव्हा साहेबच त्याला म्हणाले, चार आहेत, मी मोजली आहेत.

मी आईला बाजूला घेतलं. "तुला हे कसं ठाऊक?"

"म्हणजे काय? इतकी वर्षं मीच बसत होते ना तिथे."

"म्हणजे दार आतून उघडत होतं?"

"उघडायचं की. ह्यांनी ते जाड रबर बसवलं तेव्हा ह्यांनीच दाखवलं मला, असं आत ओढायचं म्हणून."

"मग बाबा एवढे वळसा घालून…"

"यायचे उघडायला," आई म्हणाली. तिने पर्सची चेन उगीचच उघडून लावली. "यायचे, म्हणून मी कधी उघडलं नाही."

बाबांची इतकी आठवण गेल्या कित्येक दिवसांत आली नव्हती. आणि हसूही येत होतं, कारण जे कधी बिघडलंच नव्हतं ते दुरुस्त करायला मी अख्खी गाडी खोलली होती.

परतताना आई पुढे बसली. पिशवी बायकोच्या मांडीवर गेली. घरापर्यंत आई नुसती समोर बघत होती, पण पाठ ताठ आणि चेहरा असा की सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघायची.

इमारतीखाली गाडी थांबवली. मुलगी केव्हाच उतरून जिन्यात पळाली. मीही उतरलो. आई पर्स मांडीवर ठेवून बसून होती, समोर बघत.

"आई, उतर ना. आता तर आतून…"

बॉनेटला वळसा घालून मी पलीकडे गेलो, दार उघडलं आणि धरून उभा राहिलो. आई उतरली. "छान झालंय दार," ती म्हणाली आणि माझ्या हातावर थोपटून जिन्याकडे गेली. गॅलरीत हेडसर उभे होते. त्यांनी मान डोलावली.

मी दार अगदी हलक्या हाताने लावलं आणि घरी जायला वळलो, तर मागच्या सीटवर बायको होती. पिशवी मांडीवर, पाठ ताठ, नजर समोर.

"अहो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हेही दार आतून उघडत नाही वाटतं."

ते दार मी आतून निदान शंभर वेळा उघडून पाहिलं होतं. पण मी मुकाट्याने पुन्हा बॉनेटला वळसा घातला.